एरिसेइराला पहिल्यांदा सर्फिंगला जाताना: आधी भरती-ओहोटी बघा, मग फळी उचला

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिस्बनपासून रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर एरिसेइरा हे कोळ्यांचं जुनं गाव आहे. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, त्यांना निळे काठ, आणि कड्याखाली थेट अटलांटिक महासागर. इथल्या जेमतेम आठ किलोमीटरच्या किनारपट्टीवर सात नावाजलेल्या लाटा आहेत. २०११ साली ही पट्टी 'जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाली. असा मान मिळालेली युरोपातली ही पहिली जागा.

नवख्या माणसाची गफलत नेमकी इथेच होते. या सातही लाटा खडकाळ तळावर फुटतात आणि शिकणाऱ्यासाठी त्यातली एकही नाही. कोशुश, केव्ह, क्रेझी लेफ्ट ही नावं ऐकून तिकडे फळी घेऊन जाऊ नका. तुमचा किनारा आहे गावाच्या दक्षिणेला तीन किलोमीटरवर, लिझांद्रो नदीच्या मुखाशी. त्याचं नाव फोश दु लिझांद्रू. रुंद वाळू, वाळूचाच तळ, मोठं वाहनतळ, लाकडी पायवाट आणि दोन-चार कॅफे. पहिले तीन-चार दिवस इथेच काढावेत.

पोचायचं कसं

एरिसेइराला रेल्वे नाही. लिस्बनच्या विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन पकडा, अलामेदाला उतरून हिरव्या लाइनने कांपू ग्रांदला जा. या स्टेशनाबाहेरूनच एरिसेइराच्या बस सुटतात. साधारण तासाभराचा प्रवास, काही बस माफ्रा गावावरून जातात त्यांना थोडा जास्त वेळ लागतो. महिनाभर राहणार असाल तर लिस्बन महानगर क्षेत्राचा नवेगांत पास घ्या. एरिसेइरा माफ्रा तालुक्यात येतं आणि हा तालुका त्या पासात आहे. विमानतळावरून थेट टॅक्सी केली तर चाळीस-पन्नास युरो होतात. तिघं-चौघं असाल आणि सामान जास्त असेल तर तेच परवडतं.

गावातून फोश दु लिझांद्रूला चालत पाऊण तास लागतो. जाताना उतार, येताना दमलेल्या पायांना चढ. शिकवणी वर्गाची गाडी बहुतेक वेळा गावातून घेऊन जाते. वर्गाची नोंदणी करताना ते विचारून घ्या.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, मग तुम्ही पुण्यातून निघा नाहीतर लंडनमधून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली तरी तिच्यावर विसंबू नका. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. त्या विम्यात सर्फिंग धरलंय की नाही, हे पॉलिसी घेण्याआधी वाचा. साध्या पॉलिसीत ते 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं असू शकतं.

कोणते महिने

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. नोव्हेंबर ते मार्च उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा इथे येऊन थडकतात. तेव्हा काठावर उभं राहून बघावं, पाण्यात उतरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये लाटा लहान असतात, पण गर्दी खूप, भाडी चढलेली, आणि दुपारी 'नोर्तादा' हा उत्तरेचा वारा सुटतो. हा वारा लाटांचा पृष्ठभाग विस्कटून टाकतो, म्हणून उन्हाळ्यात शिकायची वेळ सकाळचीच.

नोर्तादाचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. हा वारा किनाऱ्यालगतचं वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. त्यामुळे वर ऊन रणरणत असतानाही ऑगस्टमध्ये पाणी १७-१८ अंशांच्या आसपासच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते १४ पर्यंत उतरतं. मालवणच्या किंवा गोव्याच्या २८ अंशांच्या पाण्याची सवय असलेल्या अंगाला वेटसूटशिवाय इथे दहा मिनिटंही धड काढता येत नाहीत. वर्षातले बहुतेक महिने ४/३ मिलिमीटरचा सूट लागतो, म्हणजे धडाला चार आणि हातापायांना तीन मिलिमीटर जाडीचा. उन्हाळ्याच्या शेवटी ३/२ चालतो. सकाळी धुकं असतं, म्हणून ऑगस्टमध्येही जाकीट बरोबर ठेवा.

तिथीवरून ओहोटी

हा भाग नीट वाचा, कारण तुमचा दिवस चांगला जाणार की वाया, हे बरंचसं इथे ठरतं.

फोश दु लिझांद्रूला पूर्ण ओहोटीला लाटा पुढच्या वाळूच्या बांधावर एकदम कोसळतात, आडव्या पसरत नाहीत. पूर्ण भरतीला त्या काठाच्या उतारावरच आपटतात आणि शिकायला लागणारं कंबरभर पाणी मिळत नाही. चांगली वेळ मधली: ओहोटी संपून पाणी चढायला लागल्यावर साधारण दोन ते चार तास. तेव्हा फेसाळ पाणी लांबवर सपाट धावतं आणि तुम्हाला काठाकडेच ढकलतं.

भरती आणि ओहोटीत सहा तास बारा मिनिटांच्या आसपास अंतर असतं आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळची ओहोटी नऊ-दहाच्या आसपास येते. मग उलट मोजा. एकादशी ते त्रयोदशीला ती सहा-आठच्या दरम्यान येईल आणि तुमची वेळ सकाळी नऊ ते अकरा, म्हणजे नोर्तादा सुटायच्या आधी. सुट्टी ठरवताना दोन्ही पक्षांतल्या शेवटच्या चार-पाच तिथी साधता आल्या तर साधाव्यात. अष्टमीच्या आसपास उलट होतं: सकाळी भरती, ओहोटी दुपारी, आणि चढतं पाणी मिळेपर्यंत संध्याकाळ. हा झाला ढोबळ आडाखा. नेमक्या मिनिटांसाठी पोर्तुगालच्या जलसर्वेक्षण संस्थेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे पाण्याची पातळी तीन मीटरहून जास्त बदलते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच्या निम्मी. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण चढाचा निम्मा भाग येतो. वाळूवर ठेवलेली पिशवी आणि चपला पाण्यात जातात त्या याच दोन तासांत. सामान कोरड्या, सैल वाळूवर ठेवा. ओली, घट्ट वाळू म्हणजे पाणी तिथवर येऊन गेलेलं आहे.

अंदाज कसा वाचायचा

सर्फिंगच्या अंदाजात तीन आकडे बघा: लाटेची उंची, दोन लाटांमधला काळ, आणि वारा. शिकणाऱ्याला एक मीटरपर्यंतची उंची आणि ८ ते ११ सेकंदांचा काळ बरा. लोक फक्त उंची बघतात आणि फसतात. एक मीटरची लाट १५ सेकंदांच्या काळाने येत असेल तर ती लांबून आलेली असते, तिच्यामागे पाणी जास्त असतं आणि काठावर फुटताना ती कितीतरी मोठी होते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून पूर्वेचा, जमिनीवरून येणारा हलका वारा उत्तम. तो लाटेला समोरून थोपवून धरतो आणि ती गुळगुळीत राहते. पश्चिमेचा वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल तर वर्ग पुढे ढकलायला सांगा.

पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस नदीच्या मुखाजवळ उतरू नका. नदी गाळ आणि शेतांतलं पाणी घेऊन येते, शिवाय तिथली ओढही वाढते.

फळी आणि सूट

पहिल्या आठवड्यात फक्त फोमची, मऊ पृष्ठभागाची फळी. वजन ६० किलोपर्यंत असेल तर साडेसात ते आठ फुटी, ६० ते ८० ला आठ फुटी, त्याच्या वर नऊ फुटी. दुकानात आखूड, टोकदार, देखण्या फळ्या दिसतील. त्या तुम्हाला उभं राहू देणार नाहीत. फळीला पुढे नाक, मागे शेपूट, बाजूंना कडा आणि खाली तीन फिन, म्हणजे माशाच्या परांसारखी पाती, असतात. भाड्याने घेताना फिन हाताने हलवून बघा. ढिली असली तर बदलून मागा. शेपटाजवळ पायाला बांधायची दोरी असते, तिला लीश म्हणतात. तिचा वेल्क्रो खेचून बघा, आणि दोरीवर कुठे चीर आहे का हे बोटांनी चाचपा. दोन तासांचा गटातला वर्ग साधारण ३० ते ४० युरोंना पडतो, त्यात फळी आणि सूट येतो. एका शिक्षकामागे आठपेक्षा जास्त शिकाऊ असतील तर दुसरी जागा बघा.

सूट चढवणं ही पहिली कसरत. चेन पाठीकडे येते, पोटाकडे नव्हे. सूट कंबरेपर्यंत उलटा दुमडा. पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घाला आणि पाय आत सरकवा. पाऊल बाहेर निघालं की पिशवी काढून दुसऱ्या पायात घाला. कापड ओढताना बोटांच्या पेरांनी चिमटीत धरा. नखांनी धरलंत तर नेओप्रीनला, म्हणजे सूटच्या रबरी कापडाला, चंद्रकोरीच्या आकाराचे छेद पडतात आणि त्याची भरपाई तुम्हाला द्यावी लागते. घोटा, गुडघा, मांडी असं थोडं थोडं वर सरकवत जा. मांड्यांच्या सांध्यात कापड लोंबत राहिलं तर पुढे खांद्याला सूट अपुरा पडतो आणि हात उचलताना दम लागतो. नव्याण्णव टक्के वेळा 'सूट लहान आहे' ही तक्रार खरं तर खालून नीट न ओढल्याची असते. सगळं बसल्यावर मानेशी बोट आत गेलं पाहिजे, पण हवेची पोकळी राहता कामा नये.

सूटच्या आत पोहण्याचे कपडे. अंगठ्या, मंगळसूत्र, साखळी खोलीवर ठेवून या. थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. लांब केसांची घट्ट वेणी. चष्मेवाल्यांनी चष्मा न घालता काठावरचा झेंडा दिसतो का ते आधीच तपासावं, नसेल दिसत तर शिक्षकाला तसं सांगावं. सावळ्या कातडीलाही सनस्क्रीन लागतंच. नाक, कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका.

पाण्यात उतरण्याआधी

पंधरा मिनिटं वाळूवर बसून समुद्र बघा. लाटा तीन-चारच्या किंवा सहा-सातच्या गटाने येतात, मध्ये काही मिनिटं शांतता असते. ही शांतता म्हणजे आत जायची वेळ. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, जरा गडद, फेस खोल समुद्राकडे वाहतोय असं दिसलं तर ती जागा सुरक्षित समजू नका. ती ओढ आहे. पोर्तुगीज तिला 'आग्वेइरू' म्हणतात. काठावर फुटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि त्या पट्ट्यातून आत जातं. नदीच्या मुखाशी आणि दोन्ही टोकांच्या खडकांलगत ती हमखास असते.

तिच्यात सापडलात तर काठाकडे पोहून दमू नका. फळी सोडू नका, तिच्यावर पालथं पडा, काठाला समांतर हात मारत फेस दिसतो तिथवर जा आणि मग लाटांबरोबर बाहेर या. जमत नसेल तर एक हात उंच हलवा. विहिरीत, तलावात उत्तम पोहणारा माणूसही ओढीत दमतो, कारण विहिरीत-तलावात पाणी वाहत नसतं.

हिरवा झेंडा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे पोहायला मनाई, लाल म्हणजे पाण्यात शिरायचंच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे जीवरक्षक थोडा वेळ जागेवर नाही. जीवरक्षक उन्हाळी हंगामातच असतात. मदतीचा क्रमांक ११२.

पहिला तास

उभं राहताना पुढे कोणता पाय येतो ते आधी ठरवा. डोळे मिटून उभे राहा, कुणालातरी पाठीवर हलकेच ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा. लीश मागच्या पायाच्या घोट्याला, दोरी बाहेरच्या बाजूला.

कंबरभर पाण्याच्या पुढे जायचं नाही. आत जाताना फळी नेहमी तुमच्या बाजूला, तिचं नाक लाटेकडे. फळी आडवी धरून तिच्यामागे उभं राहणं ही सर्वात महागात पडणारी चूक: लाट फळी उचलून तोंडावर मारते, ओठ आणि दात फुटतात ते यानेच.

फेसाळ लाट दहा-बारा पावलांवर असताना फळी काठाकडे वळवा आणि पालथे पडा. पायाची बोटं शेपटाच्या कडेला टेकलेली, छाती मध्यावर, हनुवटी वर. नाक पाण्यावर चार बोटं राहिलं पाहिजे. नाक बुडत असेल तर तळहातभर मागे सरका, शेपूट बुडत असेल तर पुढे. पाच-सहा वेळा खोल, लांब हात मारा. लाटेने शेपूट उचललं आणि फळी आपसूक पळू लागली की हात थांबवा. पहिल्या सात-आठ लाटांवर उभं राहायचंच नाही. पालथं पडून काठापर्यंत या आणि डावीकडे-उजवीकडे कलून फळी कशी वळते ते अंगात मुरू द्या.

मग उभं राहणं. तळहात बरगड्यांशेजारी, फळीच्या सपाट भागावर. कडा पकडू नका, कारण एका हाताने जरा जास्त जोर दिला की फळी त्या बाजूला उलटते. कोपर अंगालगत. छाती ढकलून वर करा, मागचा पाय शेपटाकडे आडवा ठेवा आणि पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा. पाय आडवे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. नजर काठावरच्या एखाद्या घरावर. खाली पायाकडे पाहिलंत की डोकं झुकतं, वजन पुढे जातं आणि तुम्ही नाकावरून पाण्यात. गुडघ्यावर बसून मग उठायची सवय लावून घेऊ नका. ती लागली की मोडायला आठवडा जातो. हे सगळं वाळूवर फळी ठेवून वीस वेळा करा, फिनखाली खड्डा करून, म्हणजे त्या मोडणार नाहीत.

पडताना फळीपासून लांब, पाठीवर किंवा बाजूवर पसरून पडा. सूर मारायचा नाही, खाली वाळू जवळ आहे. पाण्याखाली दोन्ही हातांनी डोकं झाका आणि वर येताना एक हात आधी वर काढा, फळी तिथेच असू शकते. लीश बोटाभोवती कधीही गुंडाळू नका.

लाटेवर आधी असलेल्याचा हक्क. फुटणाऱ्या फेसाच्या सर्वात जवळ असलेला माणूस ती लाट घेतो, तुम्ही थांबा. फळी सोडून लाटेखाली बुडी मारायची नाही, मागे कुणीतरी असतं.

उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी उथळ वाळूत 'पैश-अरान्य' हा काटेरी मासा पुरलेला असतो. काटा लागला तर कळ पायभर चढते. त्यावर बर्फ नव्हे, सोसवेल इतकं गरम पाणी: अर्धा तास पाय त्यात बुडवून ठेवा, कारण विष उष्णतेने निकामी होतं. धाप लागली, सूज पसरली तर जीवरक्षकाकडे जा किंवा ११२ लावा.

दमल्यावर

सर्फिंग जमो न जमो, एका संध्याकाळी रिबेइरा दिल्यश या किनाऱ्यावर जाऊन कठड्यावर बसा. कड्यांनी तीन बाजूंनी वेढलेली ती खोलगट जागा प्रेक्षागृहासारखी आहे, आणि उत्तम सर्फर उजवीकडे सरकत जाणाऱ्या लाटेवर कसे उभे राहतात ते तिथे जवळून दिसतं. गावातल्या कोळ्यांच्या किनाऱ्यावरही उतरा. ५ ऑक्टोबर १९१० ला राजा मानुएल दुसरा आपल्या कुटुंबासह इथूनच बोटीत बसून देशाबाहेर गेला.

जेवणाच्या टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येईल. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या. शाकाहारी असाल तर 'काल्दु व्हेर्द' हे कोबीच्या जातीच्या पानांचं सूप मागवा आणि 'सें शोरिसु' म्हणा, नाहीतर वर सॉसेजची चकती तरंगते. मासे खाणाऱ्यांनी जूननंतर भाजलेली सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्याची भावंडं, चुकवू नयेत. मेनूतले काही शब्द तर आपल्या घरातलेच आहेत: बताता, पाव, काजू, आणि कोबीला 'कोव्ह'. ते सगळे याच भाषेतून मराठीत आले. फळीच्या दुकानात 'शाव्ह' मागितली तर लॉकरची चावी मिळेल आणि 'बाल्द' मागितली तर बादली.

ती बादली खरंच मागा. सूट काढताना तिच्यात उभे राहा, म्हणजे नेओप्रीनला वाळू आणि खडे लागत नाहीत. मग त्याच बादलीत गोड्या पाण्याने तो दोनदा खळबळून घ्या, आतली बाजू बाहेर काढून. खांद्याने टांगू नका, पाण्याच्या वजनाने खांदे ताणले जातात. कंबरेत दुमडून दांडीवर टाका, सावलीत. दुसऱ्या दिवशी चढत्या पाण्याची वेळ पन्नास मिनिटांनी पुढे गेलेली असेल, तेवढा वेळ सूट वाळायला जास्त मिळतो.